तारा पालटला म्हणे

१८ जानेवारी

बारक्या,

मेल पाठवून पाठवून बोटं दुखली. फोन तू उचलत नाहीस. आईशी मात्र दर रविवारी तुझ्या गप्पा रंगतात, नेमक्या मी कामावर असते तेव्हा. म्हणून आता कागदावर लिहिते. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकणं तुला कधी जमलेलं नाही, अगदी औषधाच्या खोक्यातला सुद्धा.

तर, तारा पालटला म्हणे!

मला हे कुणाकडून कळावं? साहेबांकडून. आमच्या वेधशाळेचे नवे संचालक, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, तुमच्या धाकट्या भावाने कमाल केली की! वडिलांच्याच ताऱ्याचे ध्रुव उलटे होताना पकडले!" मी हसले. काय करणार? माझं बिस्किट चहात पडलं, ते चमच्याने शोधत बसले, म्हणजे मान खाली ठेवता आली.

मग खोलीत येऊन तुमचा निबंध वाचला. पहिलं नाव तुझं, दुसरं तुझ्या सरांचं. वर अर्पणपत्रिका: "वडिलांच्या स्मृतीस." वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतला मजकूर काय, तर सूर्यासारखा एक तरुण तारा, सोळा वर्षं त्याच्या चुंबकाचं उत्तर टोक आपल्याकडे होतं, आणि एका मोसमात ते दक्षिण झालं. इतक्या झटपट पालटणारा तारा यापूर्वी कुणी पाहिला नाही वगैरे वगैरे.

आता मी सांगते काय झालं. बाबा गेले. तू आलास. मला न विचारता तू दुर्बिणीखालचं यंत्र उघडलंस आणि बाबांची चकती काढून पुसलीस. तारा तेव्हा सूर्याच्या आड होता, काही महिने कुणालाच दिसणार नव्हता. तो बाहेर आला, मी नेहमीसारखी मोजणी करून तुला पाठवली, आणि बघतोस तर काय, उत्तरेची दक्षिण! आणि तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या मनात काय आलं? की चकती फिरली असेल? नाही. तारा फिरला!

मला फक्त एवढं सांग. ती चकती परत बसवताना तिच्या कडेवरची खूण तू होती तशी बाजूलाच ठेवलीस का? हो किंवा नाही. बाकी तुझी ख्यालीखुशाली मला आईकडून कळते.

ताई


६ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक. मूग गिळून बसायची तुझी सवय जुनीच आहे.

काल आईला मी ही सगळी भानगड समजावून सांगितली. ती रोज विचारते, "तुम्ही दोघं बोलत का नाही?" म्हटलं, बस, सांगते. म्हटलं, आई, ताऱ्यातला अणू प्रकाश देतो तेव्हा त्याची वर्णपटात एक बारीक रेघ दिसते. तो अणू चुंबकाच्या तावडीत असला की त्या रेघेचे दोन भाग होतात. एका भागातला प्रकाश उजवीकडे पिळलेला, दुसऱ्यातला डावीकडे. कुठला भाग तांबड्या बाजूला सरकला ते पाहायचं, त्यावरून कळतं की चुंबकाचं कुठलं टोक आपल्याकडे आहे. आणि डावा पीळ कुठला नि उजवा कुठला, हे वेगळं करते आपली चकती. ती पाव फेरा फिरवून बसवली की डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. तारा जागच्या जागी, आणि कागदावर त्याचे ध्रुव उलटे.

आई म्हणाली, "मग एवढं सोपं आहे तर त्याला कळलं नसेल होय?" घे. हा प्रश्न मी तुलाच विचारते.

आणि मी उगाच संशय घेत नाही. बाबांनी ती चकती मुद्दाम पाव फेरा फिरवून बसवली होती. खूण वर नाही, बाजूला. कारण प्रत्येक आरसा प्रकाशाचा पीळ उलटा करतो आणि आपल्या दुर्बिणीत आरसे तीन. दोन असते तर उलट्याचं सुलट झालं असतं, तीन म्हणजे पुन्हा उलट. ती उलट मोडायची म्हणून पाव फेरा. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. तू दीर्घिकांच्या मागे लागलास, तुला या घरगुती गोष्टी कुठून माहीत असणार? तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याने खूण वाकडी ठेवली, मी सरळ करतो.

तुला ते परदेशी वेधशाळेवालं प्रकरण आठवतं का? याच ताऱ्याचं त्यांचं चिन्ह आणि आपलं चिन्ह उलट यायचं. आपली उत्तर ती त्यांची दक्षिण. बाबांनी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं होतं, की तुम्ही ताऱ्याच्या बाजूने उभं राहून डावं-उजवं ठरवता, आम्ही आमच्या बाजूने ठरवतो, तेव्हा तुमची व्याख्याच उलटी आहे. ती माणसं सभ्य, गप्प बसली. बाबा त्यानंतर आठवडाभर शीळ घालत फिरत होते. असल्या माणसाच्या कामावर तू बोळा फिरवतो आहेस. म्हणजे तू तसं म्हणत नाहीस, तू तर अर्पण केलं आहेस! पण तारा पालटला नसेल, तर कुणाचं तरी चिन्ह चुकलं आहे. आणि ते बाबांचं नाही.

मे महिन्यात तुझ्या कायम नोकरीची समिती बसणार आहे, हे आईने सांगितलं. या ताऱ्यावरच सगळं अडून आहे, असंही ती म्हणाली. म्हणूनच सांगते, त्याआधी स्वतःहून मागे घे. निबंध अजून छापून यायचा आहे. नंतर कुणी तिसऱ्याने पकडलं तर तुला कुणी दारात उभं करणार नाही, आणि बाबांचं नाव त्यात फुकट ओढलं जाईल.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण मला सांगत नाही, शेजारणीला सांगते.

ताई


२ मार्च

बारक्या,

तुझं तोंड उघडत नाही, तर मी सूर्यालाच विचारायचं ठरवलं आहे.

साधी गोष्ट. सूर्यावर डाग पडतो तेव्हा तिथे चुंबक एकवटलेला असतो, आपल्या ताऱ्यापेक्षा कितीतरी जोरात. कुठल्या डागाचं कुठलं टोक आपल्याकडे आहे, हे जगातल्या सूर्य बघणाऱ्या वेधशाळा रोजच्या रोज जाहीर करतात. त्यात वाद नाही, व्याख्या नाही. मी आपलं यंत्र दुर्बिणीखालून काढून टेबलावर मांडायचं, तू बसवलेल्या चकतीला बोट न लावता, आणि त्यातून डाग बघायचा. जुळलं तर तू खरा. नाही जुळलं तर खोटा. संपलं.

सांगायला सोपं. यंत्र उतरवायचं तर साहेबांची परवानगी. साहेब म्हणाले, "कशासाठी?" म्हटलं, तपासणी. ते म्हणाले, "बिघडलं आहे का?" म्हटलं, तेच तपासायचं आहे. "बिघडलेलं नसेल तर तपासायचं कशाला, आणि बिघडलेलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा." मी दुरुस्तीचा अर्ज केला. तो परत आला, का, तर बिघाड काय ते लिहिलेलं नाही. मी लिहिलं, "बिघाड माझ्या भावाच्या डोक्यात आहे." मग तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. अखेर मिळाली परवानगी.

सुताराने टेबलाला पाय लावून दिले. पहिला पाय आखूड. दुसऱ्यांदा केला, तो लांब. तिसऱ्यांदा मी स्वतः कानस घेऊन बसले.

सगळं मांडून झालं, आणि सूर्यावर डाग नाही! एक सुद्धा नाही. नुसता स्वच्छ, घासलेल्या ताटासारखा. सूर्याचा सध्या शांत काळ चालू आहे, हे मला माहीत का नव्हतं? होतं. पण एखादा डाग तरी पडेल की नाही? रोज सकाळी मी जाहीर झालेलं चित्र उघडते आणि रोज तेच कोरं तोंड. परवा एक पडला, तर आमच्याकडे ढग. ढग गेले, तोवर डाग मिटला. मी छतावर उभी राहून सूर्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माळी खालून बघत होता.

त्या रिकाम्या दिवसांत मी तुझा निबंध पुन्हा वाचला. शेवटचं पान चांगलं आहे, हे मान्य करते. तिथे तू ताऱ्यावरून दीर्घिकांवर येतोस. दीर्घिकाभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण, की फ्रिजच्या दाराचा चुंबक त्यापुढे राक्षस. आणि तरी ते आहे. दोन दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतही त्याच्या खुणा सापडतात. फिरणाऱ्या, घुसळणाऱ्या वायूने ते वाढवलं असं तुम्ही म्हणता, पण वाढवायला आधी थोडं तरी हवं, आणि ते पहिलं थोडं कुठून आलं हे कुणालाच ठाऊक नाही. हे तू फार सरळ लिहिलं आहेस. "आम्हाला माहीत नाही" असं लिहायला तू घाबरत नाहीस. मग माझ्या एका प्रश्नाला "माहीत नाही" एवढं तरी लिही ना!

तुला वाटतं मी तुझ्यावर जळते. खरं सांगू? थोडी जळते. तू गेलास, मी राहिले. तुझं नाव निबंधावर येतं, माझं आभाराच्या यादीत. पण हे भांडण त्याचं नाही. बाबा सोळा वर्षं त्या एका ताऱ्याला बघत बसले. लोक म्हणायचे, एवढासा तारा, एवढीशी दुर्बीण, काय मिळवलंत? त्यांनी मिळवलं होतं ते एक चिन्ह. अधिक की उणं, एवढंच. ते मी कुणाला पुसू देणार नाही, तुला तर नाहीच.

ताई


२७ मार्च

बारक्या,

सापडला!

मोठ्ठा डाग, सूर्याच्या पूर्व कडेवरून आत आलेला, आणि आभाळ निरभ्र. टेबल खिडकीपाशी ओढलं. बाहेरच्या कट्ट्यावर सपाट आरसा ठेवून ऊन आत घेतलं, भिंगाने सूर्याचं चित्र पाडलं, आणि तो काळा ठिपका नेमका यंत्राच्या फटीवर आणला. रेघ फाटलेली डोळ्यांना दिसत होती. ताऱ्याच्या वेळी दहा-दहा मोजण्या एकत्र कराव्या लागतात, इथे एका झटक्यात! बाबा असते तर त्यांनी मला खुर्चीतून उठवून स्वतः बघितलं असतं, आणि परत दिली नसती खुर्ची.

आणि निकाल ऐक. जगाच्या मते त्या डागाचं उत्तर टोक आपल्याकडे. तुझ्या चकतीच्या मते दक्षिण. मी पाच वेळा केलं. पाचही वेळा दक्षिण.

म्हणजे चकती उलटी बसली आहे. तू बसवलीस. तारा पालटला नाही, बाबांचं चिन्ह बरोबर होतं, आणि तुझा निबंध म्हणजे तुझ्याच बोटांचा ठसा आहे. काय म्हणायचं आहे आता?

मी वाट बघून थकले होते, म्हणून थेट साहेबांना लिहून दिलं. की माझ्या भावाने यंत्र विनापरवानगी उघडलं, चकती चुकीची बसवली, आणि त्यामुळे त्याचा निष्कर्ष खोटा आहे. खाली सही केली. साहेबांचा चेहरा पडला, चहाच्या टेबलावरची शोभा गेली ना त्यांची. म्हणाले, "सख्ख्या भावाविरुद्ध असं लेखी देताय?" म्हटलं, "सख्ख्या वडिलांच्या बाजूने देते आहे." ते म्हणाले, पुढच्या महिन्यात तुझ्या सरांना कळवतील. तोवर तुला वेळ आहे. स्वतःहून सांगितलंस तर नोकरीचं काहीतरी वाचेल.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येताना मी आईसाठी फुलं घेतली. आई म्हणाली, "कुणाचा वाढदिवस आहे?" म्हटलं, कुणाचा नाही. आणि फुलं पाण्यात ठेवली. तिला काय सांगायचं, की मी जिंकले आणि तुझा मुलगा हरला?

ताई


९ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड आलं. इतक्या महिन्यांनी, इतक्या पत्रांनंतर, दोन शब्द. "आरसे मोज."

नमस्कार नाही, ताई नाही, सही नाही. आरसे मोज! जशी मी तुझी विद्यार्थिनीच. मी ते कार्ड फेकलं. पुन्हा उचललं. चुलीत घालावं असं वाटलं, पण आपल्याकडे गॅस आहे. कामावर गेले ते दात-ओठ खातच. म्हटलं, मोजते, आणि तुला तीन हा आकडा तीन पानांवर लिहून पाठवते.

आधी टेबलाकडे गेले. कट्ट्यावर तो सपाट आरसा अजून तसाच होता, पाखरांनी घाण केलेला. पुसायला हातात घेतला आणि तिथेच बसले रे मी, कट्ट्यावर, उन्हात.

एक आरसा. मी सूर्याला एका आरशातून आत घेतलं. एक आरसा म्हणजे पीळ उलटा. जी गोष्ट बाबांनी मला तीनदा म्हणायला लावली, जी मी आईलाही सांगू शकते, ती मी माझ्याच टेबलावर विसरले! उत्तर टोक एका आरशातून दक्षिण दिसलं, म्हणजे आरशाशिवाय उत्तरच दिसलं असतं. म्हणजे चकती बरोबर बसलेली होती. तुझी चकती.

पण इथे संपत नाही. मी मनाला म्हटलं, थांब, घाई नको, दुर्बिणीत आरसे तीन, तिथे तर ती उलटीच ठरते. तेव्हाही बाबाच बरोबर. मी दुर्बिणीखाली गेले आणि पहिल्यांदा, खरोखर बोट ठेवून, मोजले. तळाचा मोठा आरसा, एक. वरचा छोटा, दोन. आणि तिसरा, जो प्रकाश बाजूच्या खोलीत वळवायचा, तो.

तो नाहीच.

तिथे फक्त लोखंडी पट्टी आहे. तिच्यावर मी रोज फडकं वाळत घालते. जुनं वर्णपटाचं यंत्र बाजूच्या खोलीत होतं तेव्हा तिथे आरसा होता. नवं यंत्र थेट दुर्बिणीच्या बुडाशी लावलं तेव्हा वळवायची गरजच उरली नाही, आरसा काढून टाकला. हे मी कामाला लागण्याआधीचं, म्हणजे काढला तो बाबांच्याच देखरेखीखाली. आणि चकतीचा पाव फेरा तसाच राहिला. बाबांच्या डोक्यात तीन आरसे इतके पक्के बसले होते, की समोरची रिकामी पट्टी त्यांना दिसली नाही. मला दिसली, तर मी फडकं अडकवलं.

आपला तारा बघायला त्यांनी सुरुवात केली ती या नव्या यंत्रावर. म्हणजे सोळाच्या सोळा वर्षं. सगळी उलटी. ती परदेशी माणसं बरोबर होती आणि बाबांनी त्यांना डावं-उजवं शिकवलं.

मी साहेबांना लिहून दिलं आहे तुझ्याविरुद्ध. सही करून. माझी मलाच लाज वाटते. तुझी माफी मागते, सरळ, आडपडदा न ठेवता. पण त्याच दमात हेही सांगते की माझा राग गेलेला नाही. तू बरोबर बसवलीस, बरं. पण तारा तरीही पालटलेला नाही. आधी चुकत होतं, मग बरोबर आलं, एवढंच झालं. तुझा निबंध चूकच आहे.

आता बघ माझी काय गत झाली. मी गप्प बसले आणि साहेबांकडून ते पत्र परत घेतलं, तर तारा पालटलेला राहतो. बाबा बरोबर राहतात, तुझी नोकरी होते, आई खूश. सगळ्यांचं भलं. हे पत्र वाचलंस की जगात हे कळलेली दोनच माणसं, तू आणि मी. आणि मी बोलले तर बाबाही जातात आणि तूही. काल दिवसभर मी गप्प बसायचा प्रयत्न केला. जेवण गेलं नाही. मला जमत नाही रे हे. मी उद्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगणार आहे, बाबांचं धरून. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

ताई


१७ एप्रिल

बारक्या,

गेल्या आठवड्यात तुझ्याशी फोनवर बोलणं झालं, तरी लिहिते आहे, कारण फोनवर मी निम्मा वेळ ओरडत होते आणि निम्मा वेळ नाक पुसत होते.

पत्र टाकल्यावर घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आरसे मोज" असं तोच म्हणेल, ज्याने आधीच मोजले आहेत. म्हणून मी आईच्या फोनवरून तुला लावला, आणि आईचा समजून तू उचललास. मी एवढंच विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

तू म्हणालास, "चकती पुसली तेव्हापासून." तू म्हणालास, खूण वाकडी दिसली म्हणून आरसे मोजले, दोनच निघाले, म्हणून सरळ बसवली. आणि मला सांगायला वर आलास, तर मी बाबांच्या खुर्चीत बसलेली. तू "ताई, ती चकती" एवढंच म्हणालास आणि मी तुझ्या अंगावर धावून आले, की त्यांच्या वस्तूंना हात लावलास तर याद राख. हे तू सांगितलंस तेव्हा आठवलं मला. मी त्या दिवशी ऐकून घ्यायच्या अवस्थेत नव्हते, ते खरं. पण नंतर? नंतर तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

तुझं उत्तर माझ्या कानातून जात नाही. "सरांनी आकडे बघितले आणि उड्या मारायला लागले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ताई, म्हटलं, तारा पालटला तर कुणाचं काय बिघडतं? नाहीतर बाबा पालटतात."

अरे गाढवा! असं कुणी करतं? मी इकडे तुला शिव्या घालत होते बाबांना वाचवायला, आणि तू तिकडे त्या शिव्या खात होतास, तेही बाबांनाच वाचवायला! आणि खोटं बोललास ते कुणाबद्दल, तर त्यांच्या ताऱ्याबद्दल. त्यांनी तुला घरात घेतलं नसतं. मला तुझा इतका राग आला आहे, आणि त्यातच तुला जवळ घेऊन रडावंसंही वाटतं, आणि हे दोन्ही एकदम कसं करतात ते मला माहीत नाही.

तू फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. मी फोनचा आवाज मोठा केलेला होता, आईच्या कानामुळे तो नेहमी तसाच असतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे ह्यांचं चुकलं होतं?"

मी म्हटलं, "नाही गं आई, तसं नाही. ते एक आरशाचं—"

"तसं नाही म्हणजे कसं? चुकलं की नाही?"

"चुकलं."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ही कोसळते. तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलं असतं तर आधी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः लिहून मोकळे झाले असते. तुम्ही त्यांना तेवढंसुद्धा करू दिलं नाहीत."

साहेबांना मी सांगितलं आहे. तुझ्याविरुद्धचं पत्र मी त्यांच्यासमोर मागे घेतलं, नवं दिलं. तू सरांना सांगितलंस हे त्यांच्याकडून कळलं, आणि मेच्या समितीपुढे या वर्षी तुझं नाव जाणार नाही हेही. मला फार वाईट वाटतं. तुझं चुकलंच, पण वाईट वाटतं. पुढच्या वर्षी काय होईल ते मला कुठे माहीत? उगाच गोड बोलणार नाही.

निबंध एव्हाना छापून आला आहे, तेव्हा तो मागे घेतल्याचं जे निवेदन छापायचं आहे, त्याचा मसुदा सोबत जोडते आहे. छोटंसं आहे. चकती पाव फेरा फिरलेली होती, कारण एक आरसा काढल्याची नोंद मोजणीत घेतली गेली नाही. आधीच्या सर्व वर्षांची चिन्हं उलटी वाचावीत. तारा पालटलेला नाही. क्षेत्राची ताकद जशी मोजली तशीच बरोबर आहे. हे शेवटचं वाक्य मी घातलं, खोडू नकोस. त्या परदेशी वेधशाळेचे आभारही मानले आहेत, कधीचे राहिले होते.

खाली नावं मी तुझं नि माझं घातलं होतं. आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "ह्यांचं नाव कुठे आहे?" मी म्हटलं, आई, हे चूक कबूल करायचं निवेदन आहे, त्यात त्यांचं नाव कशाला, आम्ही दोघं निस्तरतो ना. ती म्हणाली, "चूक त्यांची, तर पहिलं नाव त्यांचं. तुम्ही दोघं कोण मध्ये पडणारे?"

मी कागद परत घेतला. बाबांचं नाव पहिलं घातलं आहे. त्याच्या खाली तुझं, मग माझं. सही करून लगेच पाठव.

ताई